दगडाचा कापूस

पिंजाऱ्याच्या दुकानात रजई यावी यात नवल ते काय? पुसदच्या त्या गल्लीत शब्बीरच्या दुकानात दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत रजया-गाद्यांशिवाय दुसरं येतंच काय म्हणा. चपट्या झालेल्या, गाठी धरलेल्या, कुणा म्हाताऱ्याच्या अंगाखाली पिवळ्या पडलेल्या. शिवण उसवायची, कापूस यंत्रात घालायचा, तो फुगून वर आला की गिऱ्हाईक म्हणणार, वा, नवीच झाली की. पंचवीस वर्षं झाली शब्बीरला हे करता करता. पण त्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास तांड्यावरची पुष्पा डोक्यावर बोचकं घेऊन आली आणि तिनं ते धप्पकन ओट्यावर टाकलं, तेव्हा त्याच्या हातातली सुई होती तिथंच थांबली. बोचकं जुन्या हिरव्या लुगड्याचं होतं आणि त्यातून लाल फुलांची खोळ डोकावत होती. टाके त्याच्या आईचे. जैबुनबीचा टाका गल्लीत कुणीही ओळखला असता, दोन आखूड आणि एक लांब. जैबुनबीला जाऊन आता तीन वर्षं झाली होती, आणि ही रजई ती जायच्या कितीतरी आधीपासून घराबाहेर फिरत होती. शब्बीरला ती आपल्या पायांनी चालत आल्यासारखी वाटली.

"याडीनं पाठोली," पुष्पा म्हणाली. तांड्यावर आईला याडी म्हणतात, आणि पुष्पा सासूलाही याडीच म्हणायची. तिची सासू रामीबाई म्हणजे सुईण. तांड्यातली अन् या गल्लीतली निम्मी पोरं तिच्याच हातांनी जगात आलेली. "म्हने, तुमच्या कहकशांचे दिवस भरत आले, रजई तिच्याकडं पोचवून दे. एक कोपरा उसवला हाय, तेवढा शिवून घेजा भाऊ. बाकी धडधाकट हाय. इतक्या बाळंतिणी झाल्या तिच्यावर, पण पाहा कशी घट्ट हाय." असं म्हणून तिनं रजईवर दोन थापा मारल्या, शाबासकी द्यावी तशा.

दुकानाच्या पत्र्याला वर एक भोक होतं, त्यातून उन्हाची तिरीप खाली यायची. थापेसरशी त्या तिरिपीत पांढरं काहीतरी उडालं. आता पिंजाऱ्याच्या दुकानात पांढरं उडणार नाही तर काय गुलाल उडणार? पण पिंजाऱ्याच्या पोराला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. कापसाचा तंतू उडाला की हेलकावे खात खाली येतो, भुवईवर बसतो, हाताच्या केसांवर बसतो. संध्याकाळी पिंजारी आरशात बघतो तेव्हा त्याला म्हातारा दिसतो, आणि तोंड धुतलं की तो पुन्हा जवान होतो. हे कण खाली येत नव्हते. उन्हात उभेच होते. शब्बीर कितीतरी वेळ त्यांच्याकडे बघत राहिला, आणि आपण श्वास रोखून धरलाय हे त्याला छाती दुखायला लागल्यावर कळलं.

"थापा मारू नको, पुष्पाबाई," तो म्हणाला.

"काहून?"

काहून ते सांगायचं तर पंधरा दिवस मागं जावं लागलं असतं. खोकला त्याला दोन वर्षांपासून होता. पिंजाऱ्याला खोकला असायचाच, त्याच्या बापाला होता, आजाला होता. पण यंदा जिना चढताना मधेच बसावं लागायला लागलं, तेव्हा बायकोनं यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात ढकलून पाठवलं. तिथल्या डॉक्टरीणबाई वयानं त्याच्या लेकीएवढ्या, कहकशांएवढ्या असतील. त्यांनी छातीचा फोटो उजेडाला धरला, खाली घेतला, पुन्हा धरला. "तुम्ही पिंजारी ना? पण ही कापसाची छाती नाही," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, कधी सिमेंटी पत्र्याच्या कारखान्यात काम केलंय का? बॉयलरवर? जहाजावर? शब्बीर म्हणाला, नाही. का म्हणाला ते त्याचं त्यालाच माहीत नाही. पोलिसानं नाव विचारल्यावर भलतंच नाव तोंडात यावं, तसं ते ‘नाही’ आलं. बाई म्हणाल्या, जुन्या जहाजांच्या भिंतीत, नळांभोवती पांढरं भरलेलं असतं. दिसायला कापसासारखं, पण तो कापूस नसतो. तो दगड असतो. दगडाचे तंतू. छातीत एकदा गेला की जात नाही, आणि वीस-पंचवीस वर्षं गप बसतो. "दगड?" शब्बीरनं विचारलं. "दगड," त्या म्हणाल्या, "म्हणून तर जळत नाही." यवतमाळहून परतताना एसटीत खिडकीशी बसून त्यानं ते सगळं मुकाट गिळलं आणि घरी येऊन सांगितलं, काही नाही, दमा आहे. आपल्या छातीचं त्याला एवढं वाटलं नाही. माणूस आज ना उद्या जायचाच. पण एसटी दारव्ह्याच्या पुढं आली तेव्हा त्याला रजई आठवली होती. आठवली, आणि त्यानं तिला तिथंच दाबून टाकलं. म्हटलं, झिजली असेल, कुणी फेकून दिली असेल, इतकी वर्षं कोणती रजई टिकते. आणि आता ती ओट्यावर बसली होती.

तेव्हा तो वीसेक वर्षांचा होता. गल्लीत पहिलं यंत्र आलं होतं आणि हातानं पिंजणाऱ्यांना कुणी विचारीना. बाभुळगावचा गोविंदा, जिनिंगमध्ये हमाली करणारा दोस्त, तो कुठून तरी ऐकून आला की भावनगरच्या पुढं समुद्राच्या काठी म्हातारी जहाजं तोडतात अन् माणसं लागतात. शब्बीरनं बापाचं पिंजण खांद्यावर टाकलं, पुरुषभर उंचीचं ते लाकडी धनुष्य, त्याला ताणलेली आतड्याची तात, आणि ती छेडायचा लाकडी मुठा. म्हटलं, जहाजावर काम नाही मिळालं तर गल्लीबोळात तात वाजवू, बाया रजया घेऊन बाहेर येतीलच. काम मिळालं. भरतीला जहाज दुरून सरळ किनाऱ्याकडे येई आणि वाळूत छाती घालून थांबे, मग ओहोटीला पाणी त्याला सोडून निघून जाई. चिखलावर तेलाची काळी साय, तिच्यात पोट वर केलेले मासे. जवळच्या गावातल्या विहिरीच्या पाण्याला रॉकेलचा वास. गॅसनं पत्रा कापताना रंगाचा पिवळा धूर निघायचा आणि संध्याकाळी भाकर खाताना जिभेवर गोडसर लोखंड असायचं. पण शब्बीरच्या मनात हे काही राहिलं नाही. राहिल्या त्या खोल्या. जहाजाच्या आत माणसं राहत होती त्या खोल्या, बिछाने तसेच, टेबलावर कप, कपाच्या तळाशी वाळलेला चहा, भिंतीवर परक्या लिपीतलं कॅलेंडर आणि एका तारखेभोवती पेनानं काढलेला गोल. एका उशीला डोक्याचा खळगा होता. जहाज येऊन तीन आठवडे झाले होते, वर एक माणूस नव्हता. शब्बीरनं त्या खळग्यावर हात ठेवला. उशी गार असायला पाहिजे होती. ती गार नव्हती.

त्याच खोलीच्या भिंतीचा पत्रा गोविंदानं उचकटला आणि आतून पांढरा पुंजका बाहेर आला. बाकीचे मागं सरले, त्यांना त्यानं खाज सुटायची. शब्बीर पुढं गेला. घरापासून इतक्या लांब, जिथं भाषा आपली नाही, पाणी आपलं नाही, तिथं भिंतीच्या पोटात रुई सापडावी. त्याला खरोखर रडू आलं. त्यानं चिमूट घेतली, दोन बोटांत ओढून धागा पाहिला, अगदी बाप बाजारात पाहायचा तसा. आखूड, पण रेशमासारखा. तेव्हापासून मुकादम त्याला रुईवाला म्हणायला लागला, आणि भिंतीतलं पांढरं काढायचं काम त्याच्याच गळ्यात पडलं. नुसत्या हातांनी. चार वर्षांत सात जहाजं. त्याला वाईट वाटण्याऐवजी ऐट वाटायची, हे विशेष. एकदा हौसेनं तो पिंजण घेऊन जहाजाच्या रिकाम्या पोटात उतरला, पांढऱ्याचा ढीग मांडला, आणि तात छेडली. जहाजानं तळापासून हुंकार दिला. सगळं लोखंड, वरपासून खालपर्यंत. त्यानं पुन्हा छेडली, पुन्हा हुंकार. मग हुंकार विरत गेला, आणि त्याच्या शेवटाला, पार आतल्या अंधारातून, कुणीतरी खोकलं. कोरडं, दोनदा. आत दुसरं कुणी नव्हतं. गोविंदा वर होता, त्यानंही ऐकलं, तो म्हणाला, चाल बाहेर, जहाजाले नको छेडू. गोविंदा चाळिशीत गेला. बाभुळगावला मातीला गेले तेव्हा लोक म्हणाले, बिडीनं खाल्लं त्याले. शब्बीरही मान हलवत म्हणाला होता, हो, बिडी लई प्यायचा.

"भाऊ, बरं नाही काय तुमाले?" पुष्पा विचारत होती. तिनं माठातलं पाणी स्वतःच घेतलं होतं आणि पायरीवर बसली होती. रजई तिच्या कोपराखाली.

"तिकून सरक. इकडं बस, या बाजूनं."

ती सरकली, पण नवलानं त्याच्याकडे बघत. शब्बीरला वाटलं आता सांगावं. तोंड उघडलं, आणि तोंडात आईच आली. जहाजाचं काम सोडून तो परतला तेव्हा त्यानं दोन पोती बरोबर आणली होती. मुकादम म्हणाला, ले जा, फेकनाच है. पिंजाऱ्याचा पोरगा परदेशी कापूस घेऊन घरी आला, याची गल्लीत केवढी गंमत झाली. जैबुनबीनं एक चिमूट घेतली आणि काडी लावली. कापूस खरा की खोटा हे पिंजारी असंच पाहतात. कापूस भुरकन जळतो अन् कागद जळाल्याचा वास येतो, नायलॉनची मिसळ असली तर काळा मणी होतो. जैबुनबीनं एक काडी लावली, दुसरी लावली, तिसरी लावली. पांढरं तसंच. ज्योत त्याच्यापाशी यायची आणि वळून जायची. म्हातारीनं काडी खाली ठेवली, डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाली, "याले आग नाही शिवत, शब्बीर. हे साधं नोय. हे पाक हाय." दुसरी कुणी बाई असती तर घाबरली असती, फेकून दिलं असतं. पण अम्मा पिंजाऱ्याची लेक, पिंजाऱ्याची सून. तिच्या पंच्याहत्तर पिढ्यांचं भांडण आगीशी. कापसाच्या घरात एक ठिणगी म्हणजे घर गेलं. तिला आगीला न भिणारा कापूस मिळाला, तिनं तो कपाळाला लावला. तिच्या जागी आपण असतो तर वेगळं काय केलं असतं, सांगा.

आदल्या वर्षी ईदला घरी आला तेव्हा त्याचा निकाह झाला होता, आणि आता कहकशां होऊ घातली होती. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवायची, निखाऱ्यावर ओवा, शेपा टाकायच्या, हा शेक चाळीस दिवस. त्या वर्षी गल्लीत एका बाळंतिणीच्या रजईनं शेगडीतून पेट घेतला होता, बाई वाचली पण लेकरू भाजलं. म्हणून अम्मानं रजई केली. खालच्या अंगाला जहाजाचा कापूस, वरच्या अंगाला आपला. दिवसभर शब्बीर पिंजत होता आणि अम्मा हातानं थर लावत होती, दोघांच्या भुवया पांढऱ्या. रामीबाई बाळंतपणाला आली आणि तिनं पाहिलं, ठिणगी उडाली, खोळीला भोक पडलं, आत आग गेली नाही. बस. दुसऱ्या महिन्यात तिनं रजई तांड्यावर मागून नेली. तिथून दुसऱ्या घरी, मग पुन्हा गल्लीत, मग पुन्हा तांड्यावर. अम्मानं नेमच घालून दिला, ज्या घरी पाळणा त्या घरी रजई. पंचवीस वर्षांत ती रजई कधी कुणाच्या पेटीत बंद झाली नाही, कुणी तिच्यासाठी कधी कुणाला नाही म्हटलं नाही. अशी चीज किती घरात असते? अम्मा मरताना खोकत खोकत एवढंच म्हणाली होती, कहकशांचं बाळंतपण त्याच रजईत कर. तो खोकला कसला होता ते तेव्हा कुणी विचारलं नाही. पिंजारणीला खोकला असायचाच.

"कोपरा कसा काय उसवला?" शब्बीरनं विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं.

पुष्पा हसली, चोरी सापडल्यासारखी. "उसवला नाही वो भाऊ, उसवतो आमी. याडी दर खेपेले उसवते. नवं लेकरू झालं की चिमूटभर काढून त्याच्या उशीत घालते. आगीपासून राखते म्हनते. पाहा ना, आमच्या तांड्यात इतक्या वर्षांत एक लेकरू भाजलं नाही." आणि ती बोटांवर मोजायला लागली. तिचा थोरला, धाकटी, जावेची तिघं, शंकरसिंगचा नातू, मैनाबाईच्या जुळ्या. दोन्ही हातांची बोटं संपली तेव्हा ती पुन्हा पहिल्या बोटावर आली. "याडीच्या सोताच्या उशीत तर मूठभर हाय. त्याच्याबिगर बुढीले झोप येत नाही. रात्रभर खोकते, पण उशी सोडत नाही." मग ती उठली, लुगड्याची घडी केली, काखेत मारली आणि बाजाराकडे निघून गेली. शब्बीरनं तिला थांबवलं नाही. त्याला वाटलं होतं एक रजई आहे. एक रजई माणूस कुठंही दडवू शकतो.

दुकान आणि घर यांच्यात एक पडदा होता. पडद्यापलीकडून कहकशांचा आवाज आला, "अब्बा, दादीची रजई आली काय?" दिग्रसच्या सासरहून येऊन तिला महिना झाला होता. आज-उद्यावर आली होती, चालताना भिंतीला हात लावत चालायची. ती पडदा सारून बाहेर आली आणि रजई बघून तिचा चेहरा असा उजळला की शब्बीरनं मान वळवली. ती वाकली, एवढ्या पोटासकट वाकली, आणि रजईच्या त्या कोपऱ्याला नाक लावू लागली, दादीचा वास येतो का पाहायला.

"हात नको लावू!"

आयुष्यात तो पोरीवर ओरडला नव्हता. ती जिथल्या तिथं उभी राहिली. आतून तिची अम्मी धावत आली, काय झालं काय झालं. शब्बीर म्हणाला, उंदीर लागलेत. आत मेलेला उंदीर हाय. इतकं सोपं खोटं, तोंडातून आपसूक निघालं, जसं दवाखान्यात ते ‘नाही’ निघालं होतं. त्याला क्षणभर हायसं वाटलं. झालं, फेकून द्यायची, दुसरी करू, विषय संपला. पण बायको कुठली ऐकते. सासूची रजई, मयत सासूचं शेवटचं सांगणं, ती उंदराच्या पायी फेकणार? तिनं पदर खोचला, रजई छातीशी कवटाळून उचलली आणि मागच्या अंगणाकडे निघाली. "उन्हात टाकते, काठीनं चांगली झोडपते, काय असन ते निघून जाईन," ती म्हणाली. अंगणात दोरी होती. दोरीच्या खाली कहकशांची खाट होती. खोटं असं असतं बघा, एक पाऊल आपण टाकतो आणि पुढची पावलं ते स्वतः टाकतं. बायकोच्या हातात काठी आलीसुद्धा.

शब्बीर धावला. किती वर्षांनी धावला असेल. दोरीपाशी पोहोचेपर्यंत श्वास संपला, त्यानं काठी धरली आणि काठी धरूनच खाली बसला. बोलता येईना. तशातच त्यानं बोट केलं, पाणी, पाणी. बायकोनं तांब्या आणला, तो त्याला प्यायला देऊ लागली, त्यानं तो हिसकून रजईवर ओतला. मग दुसरा. बायकोला वाटलं माणसाचं डोकं फिरलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, कधी सापडलं तर झटकू नका, ओलं करा. त्यांना तो नाही म्हणाला होता तरी त्यांनी ते सांगितलं होतं, जाता जाता, त्याच्या चेहऱ्याकडे बघून. रजई पूर्ण भिजली, जड झाली, दोरीवरून घसरून त्याच्या पायांवर पडली, आणि तिच्या वजनाखाली बसून त्यानं सगळं सांगितलं. जहाज, भिंती, दवाखान्यातला फोटो. दगड हा शब्द त्याच्या तोंडून निघेना. तो म्हणत राहिला, ते आपलं नोय, ते आपलं नोय.

बायको रडायला लागली, तिला फोटोचं कळलं तेवढ्यावरच. कहकशां रडली नाही. ती पायरीवर बसली होती, पोटावर दोन्ही हात ठेवून. तिनं विचारलं, "मी बी त्यातच होती ना, अब्बा?"

"पहिली तूच," शब्बीर म्हणाला.

तिनं मान हलवली. लहानपणी तिला खेळताना धाप लागायची की नाही, हे तो आठवू लागला आणि आठवेना, म्हणजे कधी वाटायचं, लागायची, आणि कधी वाटायचं, नाही. तिचा हात पोटावरून खालीवर होत होता. आत ते वळलं असावं, कारण ती थोडी कण्हली. "दादीले माहीत नव्हतं," ती म्हणाली. मग म्हणाली, "आता तुमाले माहीत हाय." एवढंच. आवाजात राग नव्हता. राग असता तर शब्बीरला जरा बरं वाटलं असतं.

सकाळी त्यानं रजई ओलीच जाड प्लास्टिकात गुंडाळली, त्यावर आणखी एक प्लास्टिक, आणि चारी बाजूंनी शिवली. आईच्या टाक्यानं, दोन आखूड, एक लांब, हात आपोआप तसाच चालला. जाळता येत नाही ते कुठं न्यायचं, हे त्याला ठाऊक नव्हतं. डॉक्टरीणबाईंना फोन लावला, खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, सगळं एका जागी गोळा करा, ओलं ठेवा, मी विचारून सांगते कुठं द्यायचं. सगळं. तांड्यात चाळीस घरं. कोणत्या घरी कोणती उशी, कोण पोरगी सासरी जाताना उशी घेऊन गेली, कुणाला ठाऊक? दारोदार जाऊन सांगायचं तर पहिल्या दारातच त्याचा श्वास संपला असता, आणि पहिल्या दारात काय म्हणायचं हेही त्याला सुचत नव्हतं. मग त्याची नजर भिंतीवर गेली. खुंटीला बापाचं पिंजण होतं. पंधरा वर्षांत उतरवलं नव्हतं. त्यानं ते ओल्या फडक्यानं दोनदा पुसलं, लाकूड, तात, मुठा, आणि ऑटोत आडवं घालून निघाला. बरोबर रिकामी पोती आणि पाण्याचा कॅन. ऑटोवाला म्हणाला, चाचा, आता कोण पिंजून घेतं असं? शब्बीर म्हणाला, पिंजायले नाही चाललो.

तांडा टेकडीच्या अंगाला होता. दहाचा सुमार, ऊन चढलेलं, कपाशीला गेलेली माणसं अजून परतली नव्हती, कुत्री सावलीला. सेवालाल महाराजांच्या ओट्यासमोर तो उभा राहिला. त्याच्या पोरपणी बाप इथंच उभा राहायचा. हाक मारावी लागत नसे. तात वाजली की बायांना कळायचं, पिंजारी आला, आणि त्या रजया-उशा काखोटीला मारून दारात यायच्या. त्यानं पिंजण खांद्याला लावलं, मुठा उचलला, आणि तात छेडली.

आवाज टेकडीपर्यंत गेला. अजून तसाच होता, जाड आणि लांब, पायांच्या तळव्यांत कळणारा. तो विरत गेला, आणि त्याच्या शेवटाला, डावीकडच्या घरातून, कुणीतरी खोकलं. कोरडं, दोनदा. शब्बीरच्या हातातला मुठा खाली आला. त्यानं ऐकलं ते खरं की भास, हे पाहायला त्यानं पुन्हा छेडली. आवाज गेला, विरला, आणि खोकला आला, या वेळी समोरून. मग मागून. दारं सगळी काळोखी होती आणि आत कोण आहे ते उन्हातून दिसत नव्हतं. त्याला एकदम कळलं की आपण अजून त्या जहाजाच्या पोटातच उभे आहोत. ते तुटलंच नव्हतं. आपण ते चिमटी चिमटीनं इथं आणून पुन्हा उभं केलं.

पहिली बाहेर आली ती रामीबाई. वाकलेली, दोन्ही हातांत बांगड्यांचा भार, कमरेवर पुष्पाच्या लेकीचं सात-आठ महिन्यांचं लेकरू, आणि काखेत उशी. "कितीक सालानं तात वाजवली रे, शब्बीर," ती म्हणाली. "मले वाटलं तुझा बापच आला. घे, माहीच पहिली पिंज. लई चपटी झाली." तिच्यामागं दारादारांतून बाया यायला लागल्या होत्या, कुणाच्या हातात लहानशी उशी, कुणाच्या दोन. त्याची वाक्यं तयार होती, ऑटोत सगळा रस्ता त्यानं घोकली होती. रामीबाईनं उशी त्याच्यापुढं धरली. आणि चांगल्या घरची बाई दुसऱ्याच्या हातात आपली वस्तू द्यायच्या आधी करते तेच तिनं केलं. धूळ त्याच्या अंगावर जाऊ नये म्हणून तिनं उशी बाजूला धरून तिच्यावर तीन थापा मारल्या.

पांढरं वर आलं आणि उन्हात उभं राहिलं. कमरेवरच्या लेकरानं ते पाहिलं, ते हसलं, आणि तोंड उघडं ठेवून त्याला धरायला दोन्ही हात पुढं केले.

शब्बीरनं आपल्या पंजानं लेकराचं नाकतोंड झाकलं. लेकरू भिऊन रडायला लागलं, रामीबाई मागं सरली, बाया थबकल्या. दुसऱ्या हातानं तो पाण्याच्या कॅनचं झाकण काढायला धडपडत होता.

"तो कापूस नोय, मावशी," तो म्हणाला. "दगड हाय तो. मी आणला."